फिरती डिस्क, घरची डिस्क

लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग हा माझा धंदा, आणि दिवा हे त्यासाठी सोयीचं ठिकाण. कल्याण-डोंबिवलीचे शूटर लोकलने येतात, पनवेलकडचे मेमूने, भिवंडीवाले वसई लाइनने. २०१६च्या डिसेंबरात जलद लोकल दिव्याला थांबायला लागल्या, तेव्हापासून दादरकडचेही ‘ताई, येता येता डेटा देऊन जातो’ म्हणायला लागले. गाडीत शिरायला मिळत नाही, हा भाग वेगळा. प्रत्येकाच्या सॅकमध्ये कुणाचं तरी हळदीपासून पाठवणीपर्यंतचं लग्न असतं आणि ते तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये भरलेलं असतं.

इतक्या डिस्क हाताखालून जातात म्हटल्यावर इमारतीत कुणी लॅपटॉप घेतला की पुढचा प्रश्न माझ्याकडे येतो. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा ५१२ जीबीची जागा असते. विंडोज, सॉफ्टवेअर आणि मोबाइलमधून उतरवलेले फोटो यांनी ती वर्षभरात भरते. मग जिन्यात गाठून विचारणा होते, ‘एक टीबीची घेऊ की दोन टीबीची?’ मी उलट विचारते, ‘ती फिरणार आहे की घरात राहणार आहे?’ दुकानदार हे विचारत नाही. तो टीबी विचारतो, बजेट विचारतो आणि शोकेसमधला खोका काढतो. पण कोणती डिस्क घ्यायची हे नव्वद टक्के या एका प्रश्नावरच ठरतं, असं माझं मत आहे.

कारण पोर्टेबल डिस्क म्हणून एकाच काचेमागे ज्या दोन वस्तू विकायला असतात, त्यांचं आतून काहीही नातं नाही.

पहिली खरी हार्ड डिस्क. तिच्यात चकचकीत तबकड्या असतात, लॅपटॉपच्या आकारात बहुतेक वेळा मिनिटाला ५,४०० फेरे मारणाऱ्या. त्यांच्यावरून एक बारीक हेड इकडून तिकडे सरकत लिहितं आणि वाचतं. हे हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्यामुळे तयार झालेल्या हवेच्या थरावर ते तरंगतं, तबकडीपासून फक्त काही नॅनोमीटर वर. वहीच्या कागदाची जाडी लाखभर नॅनोमीटर असते, त्यावरून काय ते समजा. तत्त्व जुनंच आहे. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र काढलं, त्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण जेमतेम पाच एमबी. आज मोबाइलचा एक फोटो तेवढा असतो. तबकड्या लहान झाल्या, पण फिरणं आणि तरंगणं तेच राहिलं.

दुसरी एसएसडी. तिच्यात फिरणारं, सरकणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. म्हणून ती खिशात मावते, आवाज करत नाही आणि टेबलावरून पडली तरी बहुतेक वेळा उचलून परत लावता येते.

आता आपल्या लोकलचा विचार करा. दिवा-मुंब्रा पट्ट्यात सकाळी डब्यात छातीवर घेतलेल्या सॅकचं काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तरीही बंद हार्ड डिस्क या दाबाने सहसा मरत नाही. बंद झाली की तिचं हेड तबकडीवरून बाजूला जाऊन आपल्या जागी बसतं, आणि त्या अवस्थेत ती बराच धक्का सोसते. जीव जातो तो चालू डिस्कचा. टेबलाच्या कडेला लावलेली, लहान मुलाने वायर ओढलेली, अडीच फुटांवरून फरशीवर आलेली. किंवा सावंतवाडी गाडीत बसायला जागा मिळाली म्हणून मांडीवर लॅपटॉप उघडून रोह्यापर्यंत कॉपी मारत बसलेल्या माणसाची. हे उद्योग मी पाहिलेत. वाटेत कुणी वरच्या बर्थवरून उतरला, पाय लागला, संपलं.

गर्दीत डिस्कपेक्षा आधी मोडतं ते तिचं तोंड. बहुतेक पोर्टेबल हार्ड डिस्कना अजूनही तो चपटा, रुंद, मधे खाच असलेला सॉकेट असतो. मायक्रो-बी म्हणतात त्याला. वायर तशीच लावून डिस्क सॅकमध्ये कोंबली की पिनवर आडवा जोर पडतो आणि सॉकेट आतल्या सर्किटवरून किंचित उचकटतो. बाहेरून काही दिसत नाही. मग गिऱ्हाईक माझ्यासमोर बसून वायर विशिष्ट कोनात धरून ठेवतं, ‘ताई, असं धरलं की डिटेक्ट होते.’ अशा डिस्कमधून मी आधी डेटा उतरवून घेते आणि मगच चहा टाकते. काही डिस्कमध्ये यूएसबीचा हा सॉकेट थेट मूळ सर्किटवरच जोडलेला असतो, म्हणजे बाहेरचं खोकं बदलून आतली डिस्क दुसरीकडे लावू म्हटलं तर तेही जमत नाही. नवीन घेताना टाइप-सी सॉकेटची मिळत असेल तर शंभर-दोनशे रुपये जास्त द्या. नाही मिळाली तर वायर काढून वेगळी ठेवायची सवय लावा. जाड कापडाचं चेनवालं पाऊच मिळतं, ते घ्या.

तर रोज कॉलेजला, ऑफिसला, शूटला नेणार असाल तर एसएसडी घ्या. घरात कपाटात ठेवून महिन्यातून एकदा काढणार असाल तर हार्ड डिस्क. भाव रोज हलतात म्हणून आकडा देत नाही, पण एक टीबीच्या एसएसडीच्या पैशांत दुप्पट किंवा त्याहून मोठी हार्ड डिस्क येते, हा हिशेब बरीच वर्षं टिकून आहे.

‘मग पैसे असतील तर सगळं एसएसडीतच ठेवावं ना?’ नाही. एसएसडी मरते तेव्हा बहुतेकदा सांगून मरत नाही. हार्ड डिस्क आधी कुरकुरते, हळू होते, टकटक करते. एसएसडी काल चालत होती आणि आज दिसत नाही, असंही होतं, आणि तिच्यातून डेटा परत काढणं अवघड. दुसरं म्हणजे, चिपांमधला डेटा विजेच्या भारात साठलेला असतो आणि वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिला तर तो भार ओसरत जातो. चिपांची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेची घरगुती एसएसडीकडून अपेक्षा अशी आहे: लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य वापरून संपल्यावर ३० अंश तापमानात, विजेविना, एक वर्ष डेटा टिकावा. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते. पण मे महिन्यात आमच्या टेरेसखालच्या खोलीतलं कपाट ३० अंशांवर थांबत नाही. लग्नाचा डेटा मी एसएसडीवर घालून कपाटात टाकत नाही.

आता वेग. खोक्यावर मोठ्या अक्षरांत सेकंदाला १,०५० एमबी असं काहीतरी छापलेलं असतं, आणि पोरं त्या आकड्यावर भाळतात. माझ्या धंद्यातलं उदाहरण घेते. दोन कॅमेऱ्यांवर मिळून आठ तासांचं फोर-के शूट, सेकंदाला १०० मेगाबिट दराने, म्हणजे तासाला ४५ जीबी. झाले ३६० जीबी. वर रॉ फॉरमॅटमधले तीन हजार फोटो, प्रत्येकी ३० एमबी धरा, म्हणजे ९० जीबी. एक लग्न साडेचारशे जीबीचं. जुन्या यूएसबी २.० पोर्टवरून सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास जातात, म्हणजे साडेतीन तास. यूएसबी ३.० वरून साध्या हार्ड डिस्कला ११० एमबी धरले तर तासाभराहून थोडं जास्त. चांगल्या एसएसडीला पाचशे धरले तर पंधरा मिनिटं.

पण ही पंधरा मिनिटं शूटरच्या नशिबात नसतात. डेटा येतो कॅमेऱ्याच्या कार्डातून, आणि सगळीकडे वापरली जाणारी यूएचएस-वन जातीची कार्डं साध्या कार्ड रीडरमधून शंभर-एक एमबीच्या पलीकडे नेत नाहीत. कार्डच शंभरने देत असेल तर समोर पाचशेची डिस्क ठेवा की हजारची, सव्वा तास तो लागणारच. एसएसडीचा वेग कामी येतो तो लॅपटॉपमधून डिस्कवर किंवा डिस्कवरून थेट एडिट करताना. नुसते फोटो आणि पिक्चर साठवणाऱ्या माणसाने वेगाच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. मोजायचेच असतील तर न तुटण्यासाठी मोजावेत.

पोर्टची नावं ही आणखी एक डोकेदुखी. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच गोष्टीची तीन बारशी आहेत, सेकंदाला पाच गिगाबिट. ३.२ जेन २ म्हणजे दहा. लॅपटॉपला दोन आयताकृती पोर्ट असतील तर बरेचदा एक जुना २.० असतो आणि एक ३.० चा. आत निळी पट्टी असलेला पोर्ट बहुधा ३.०. सगळ्या कंपन्या निळा रंग देत नाहीत, तेव्हा लॅपटॉपची माहिती एकदा वाचा. नवी डिस्क ‘स्लो आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी डिस्क मी नुसता पोर्ट बदलून परत पाठवल्यात.

काही डिस्क मात्र खरंच मधेच हळू होतात, आणि त्याचं कारण खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं. लहान तबकडीवर जास्त डेटा बसवण्यासाठी लिहिण्याच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवतात. खालचं कौल बदलायचं तर वरची काढावी लागतात, तसं जुन्या डेटाच्या जागी नवं लिहायला डिस्कला शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. एसएमआर म्हणतात याला. एक-दोन टीबीच्या पुढच्या बहुतेक पोर्टेबल हार्ड डिस्क आज अशाच असतात. परिणाम असा की सुरुवातीला स्क्रीनवर ११० दिसतं आणि तासाभराने वीस-पंचवीस. डिस्क खराब नाही, ती मागे आपलं काम उरकतेय. बॅकअपला चालते. तिच्यावरून एडिटिंग करू नका, आणि तिला काठोकाठ भरू नका.

दिव्यात राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे डिस्कला वीज कुठून मिळते. अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच वायरीतून पाच व्होल्टवर चालते. साडेतीन इंचीला वेगळा बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. मोठी डिस्क टीबीमागे स्वस्त पडते म्हणून मोह होतो, पण पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेले की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि भिंतीतल्या अ‍ॅडॅप्टरवरची डिस्क कॉपी अर्धी टाकून बसते. घरी यूपीएस नसेल तर अडीच इंचीच घ्या. तीही थेट लॅपटॉपला लावा. स्वस्तातल्या चार तोंडांच्या हबमध्ये सुरू होतानाच तिला पुरेशी वीज मिळत नाही, मग टिक-टिक करत राहते आणि माणूस समजतो डिस्क गेली.

फॉरमॅटचं थोडक्यात. विंडोजची मूळ पद्धत एनटीएफएस, ती मॅकवर वाचता येते पण मॅक तिच्यावर आपणहून लिहीत नाही. दोन्हीकडे चालवायची असेल तर एक्सफॅट करून घ्या. मात्र एक्सफॅटवर कॉपी चालू असताना वायर उपटली तर गोंधळाची शक्यता जास्त, कारण काय लिहायचं राहिलं याची नोंद ती एनटीएफएससारखी ठेवत नाही. इजेक्ट करून, डिस्कवरचा दिवा विझल्यावरच काढा. आणि एक टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

कंपनी कोणती, यावर आमच्या धंद्यात तट पडलेत. मी त्यात नाही. तबकडीवाली डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघींच्या डिस्क चालतात आणि तिघींच्या मरतात. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले कारखाने बुडाले आणि जगभर डिस्कचे भाव चढले. इतक्या थोड्या हातांत हा धंदा आहे.

नाव महत्त्वाचं ठरतं ते नकली माल ओळखायला. शेजारच्या वहिनींच्या मुलाने मोबाइलवर जाहिरात बघून १६ टीबीची एसएसडी मागवली होती, एका चांगल्या पेनड्राइव्हच्या भावात. हातात घेतली तेव्हाच ती पोकळ वाटली. लॅपटॉपला लावली तर विंडोजने १६ टीबी व्यवस्थित दाखवली, म्हणून तो खूश. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कवर खरंच शेवटपर्यंत लिहून परत वाचून बघतं. ते लावलं. थोडंसं लिहून झाल्यावर पुढचं सगळं चुकीचं वाचायला लागलं. मग स्क्रू काढले. आत गोंदाने चिकटवलेलं मोबाइलचं एक मेमरी कार्ड होतं, बाकी हवा. आकडा खोटा सांगायला शिकवलेलं कार्ड. अशा डिस्कवर फोटो टाकले की फोल्डर दिसतात, नावं दिसतात, उघडायला गेलं की काही नसतं. एवढ्या भावात १६ टीबीची खरी एसएसडी कुणीही देत नाही, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

डिस्क ठाण्याच्या दुकानातून घ्या, डोंबिवलीतून घ्या किंवा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि डिस्कवरचा सीरियल नंबर दुकानात उभं असतानाच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का बघा. बाहेरून आणलेल्या मालाची वॉरंटी बरेचदा भारतात लागू नसते, आणि ते घरी येऊन कळून उपयोग नाही. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, डेटा नाही. डिस्क टकटक करायला लागली, किंवा लावल्यावर ‘फॉरमॅट करा’ असं मागायला लागली, तर फॉरमॅट दाबू नका, पुन्हा पुन्हा लावून बघू नका. वायर काढा आणि रिकव्हरीवाल्याकडे न्या. बिघाड आतला असेल तर धूळमुक्त खोलीत डिस्क उघडावी लागते, आणि त्याचं बिल डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.

म्हणून मला पाच टीबीची एक डिस्क घेणाऱ्यापेक्षा दोन टीबीच्या दोन घेणारा शहाणा वाटतो. पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरने मांडलेला ३-२-१ हा नियम आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, पाळणारे कमी. डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या जातींच्या माध्यमांवर आणि एक घराबाहेर. लॅपटॉपमधली एक धरा, हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्याच्या घरी. घराबाहेर हा शब्द इथे नुसता सल्ला नाही. २६ जुलै २००५ला आणि पुन्हा २०१९च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूरच्या सखल वस्त्यांत शिरलं होतं. आमच्याकडे दर पावसाळ्यात तळमजल्यावरच्या लोकांच्या नजरा रस्त्यावरच्या पाण्याकडे असतात. तिसरी डिस्क गावी ठेवतो म्हणणारे दिव्यात पुष्कळ, बरीच वस्ती कोकणातली. ठेवा, पण २२ जुलै २०२१ला चिपळूण बाजारपेठेत किती पाणी होतं ते आठवून माळ्यावर ठेवा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि गणपतीला गेलात की लावून बघा. वर्षभर न लावलेली कॉपी आहे असं मी धरत नाही.

विद्यार्थ्याला एकच डिस्क परवडत असेल तर एक टीबीची एसएसडी घ्यावी आणि प्रोजेक्टच्या फाइल क्लाउडवरही ठेवाव्यात. घरच्या फोटोंसाठी घेणाऱ्यांनी एक-दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, जमल्यास दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच वेळी एकच दोष दोघींत निघायचा नाही. आणि माझ्याकडे येणाऱ्या शूटर मंडळींना एवढंच सांगणं: दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर डिस्क माझ्या हातात दिलीत म्हणून परतीच्या गाडीत बसून कार्ड फॉरमॅट करू नका. दुसरी कॉपी झाली की मी मेसेज करते, तोवर थांबा.